ग्रहणातला दर्भ आणि अहल्याक्कांची पळी

सुधींद्रअण्णा घामेजल्या हातानं कुणाच्याही पाठीवर थाप मारतील. टायटॅनियमला मात्र पांढरे सुती मोजे चढवल्याशिवाय बोट लावणार नाहीत. तापवताना घामातलं मीठ त्या धातूला बाधतं म्हणे. त्यांचं हे सोवळं मी भिंतीपलीकडून कितीतरी वर्षं पाहते आहे. बेंगळुरातल्या जयनगरच्या आमच्या गल्लीत दोन घरांमधली भिंत छातीएवढीच आहे आणि देवानं मला मान पुरेशी लांब दिली आहे, त्यामुळे शेजारचं जे मला ठाऊक नाही ते तिथं घडलंच नाही असं खुशाल समजावं.

अण्णांचं घराणं शहाजीराजांच्या वेळी इकडं आलं, असं ते सांगतात. पहिल्यांनी लेखणी धरली, नंतरच्यांनी पोथी धरली, आणि अण्णांनी भट्टी धरली. विमानांच्या सुट्या भागांना ताव देण्याच्या कामात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फेऱ्या मारतात, नातवंडं सांभाळतात. ह्यांनी यशवंतपूरला एक शेड भाड्यानं घेतली आणि कुणीतरी मोडीत काढलेली जुनी निर्वात भट्टी तिथं आणून बसवली. निर्वात म्हणजे आतली हवा पंपानं ओढून काढायची आणि मग धातू तापवायचा. लहान कारखान्यांची किरकोळ कामं येत. रोज सकाळी डबा घेऊन अण्णा मेट्रोनं निघत.

"चालले यशवंतपूरच्या मठात," अहल्याक्का दारातून म्हणायच्या. "तिथं हे कुणाला शिवत नाहीत, कुणी ह्यांना शिवायचं नाही. घरी मात्र चपला घालून देवघरापर्यंत येतात!"

अहल्याक्का म्हणजे अण्णांची बायको. बुटक्या, गोऱ्या, आणि हसू आलं की पदर तोंडात कोंबणाऱ्या. मी आणि त्या मिळून गल्लीतल्या निम्म्या लोकांची टिंगल करत असू. उरलेल्या निम्म्यांची त्या माझ्यामागं करत असाव्यात.

तर एका सकाळी अक्का अंगणातल्या नळावर देवाची तांब्याची उपकरणी चिंच लावून घासत होत्या. पळीचा देठ हिरवा पडला होता. तीर्थाची पळी, जिला इथले शेजारी उद्धरणे म्हणतात. घासता घासता त्या एकदम थांबल्या.

"अहो, एवढी वर्षं भट्टीपाशी बसलात. ज्याला चिंच लावायला लागत नाही असा एक धातू नाही का तुमच्याकडं?"

अण्णा पेपर बाजूला करून असे उठले, जणू लग्नापासून ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. "आहे की! टायटॅनियम. काळं पडणार नाही, हिरवं पडणार नाही. तुझ्या पणतीपर्यंत टिकेल."

"मग द्या करून एक पळी."

मी लगेच मध्ये तोंड घातलं. "चालतं का पण ते देवाला?"

समोरून आमचे हयवदनाचार जात होते. गल्लीतल्या सगळ्या घरांची पूजाअर्चा तेच करतात. त्यांना थांबवून विचारलं. आचारांनी शेंडीवरून हात फिरवला. "सोनं सांगितलंय, रुपं सांगितलंय, तांबं सांगितलंय. हे कशाचं असतं?"

"विमानाचं," अण्णा म्हणाले.

"मग आकाशात ठेवा," असं म्हणून आचार चालू लागले. अक्कांचा पदर तोंडात गेला. पण पळी करायची हे त्याच दिवशी ठरलं.

अण्णांकडं विमानाच्या पत्र्याची एक पट्टी उरलेली होती. टायटॅनियममध्ये थोडं ॲल्युमिनियम आणि थोडं व्हॅनेडियम घातलेला मिश्रधातू. ती वाकवण्याआधी भट्टीत तापवून मऊ करायची होती. अण्णांनी मोजे घालून ती घरीच स्वच्छ केली, स्टीलच्या कागदासारख्या पातळ पत्र्याच्या पाकिटात घातली आणि पाकीट दुमडून दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ग्रहण होतं. २०१९च्या डिसेंबरातलं, ज्यात बेंगळुरात सूर्याची नुसती कोर उरली होती. ग्रहण सुटेपर्यंत भट्टी पेटवायची नाही, एवढं अक्कांनी कबूल करून घेतलं होतं.

ग्रहणात अक्कांचं घर बघण्यासारखं असे. लोणच्याच्या बरणीवर दर्भ, दुधावर दर्भ, पिण्याच्या पाण्यावर दर्भ. ग्रहण सुटलं की न्हायचं आणि तो दर्भ काढून टाकायचा. त्या दिवशीही सगळं रीतसर झालं. ग्रहण सुटलं, अक्का न्हायला गेल्या, आणि अण्णा पाकीट उचलून यशवंतपूरला गेले.

पट्टी तापली, गार झाली. अण्णा दुसऱ्या दिवशी तिला वाकवायला गेले तर टोक काचेसारखं तडकलं.

संध्याकाळी घरी आले ते तणतणत. पंपाला शिव्या दिल्या, नळीला शिव्या दिल्या, रबराचं कडं विकणाऱ्या चिकपेटच्या दुकानदाराचा उद्धार केला. अक्का कट्ट्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. भिंतीशी मी होतेच. अण्णांनी पट्टी पुढं धरली. "बघ! आणि ह्या रेघा कसल्या उठल्यात, देव जाणे."

पट्टीवर तीन बारीक काळपट रेघा होत्या. जराशा वळलेल्या, गवताच्या पात्यासारख्या.

अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग खांदे हलायला लागले. मग पदर तोंडात.

"अहो," त्या कशाबशा म्हणाल्या, "ह्या माझ्या काड्या."

"कसल्या काड्या?"

"दर्भाच्या. पाकिटात घातल्या होत्या."

अण्णांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. "तू दर्भ घातलास? माझ्या निर्वात भट्टीत?"

"भट्टीत कुठं? पाकिटात. भट्टीत तुम्हीच घातलात. ग्रहण नव्हतं का? लोणच्यावर घातला, दुधावर घातला, देवाची पळी व्हायची तिच्यावर नको?"

"मग काढायचा ना!"

"काढणारच होते की! न्हाऊन बाहेर येते तर तुम्ही पाकीट घेऊन पसार."

"फोन करायचा होतास!"

"म्हटलं, दर्भच तर आहे. चांगलंच करेल."

"अण्णा," मी भिंतीवरून म्हटलं, "लोणचं तर छान टिकलंय. म्हणजे दोष दर्भात नाही, तुमच्या धातूत आहे."

अण्णांची एक खोड आहे. रागावले की समजावून सांगायला लागतात, आणि सांगता सांगता राग विरून जातो. तेव्हाही तसंच झालं. कट्ट्यावर बसून, गवारीच्या शेंगा हातात घेऊन त्यांनी आम्हा दोघींना शिकवणी दिली.

"गवतात हायड्रोजन असतो. तापलं की तो सुटतो. पाकीट दुमडलेलं, जाणार कुठं? आणि तापलेलं टायटॅनियम हायड्रोजनला इतकं हावरं, की दिसेल तेवढा पिऊन टाकतं. आता असं बघा. गार टायटॅनियमचे अणू म्हणजे मठातली पंगत. मांडीला मांडी लावून बसलेली. त्या रचनेला अल्फा म्हणतात. फार तापवलं की पंगत उठते, सगळे उभे, मध्ये वाट मोकळी. ती बीटा. हायड्रोजन एवढासा, त्याला ही उभी गर्दी फार मानवते. तो आत असला की पंगत लवकर उठते आणि बसायला वेळ लावते. म्हणजे एरवीपेक्षा कमी तापमानालाही बीटा टिकून राहते. पण गार झाल्यावर बसायला तर लागतंच. ह्या मिश्रधातूत थोडे लोक शेवटपर्यंत उभेच असतात, त्यांच्यात थोडा हायड्रोजन मावतो. तू घातलास तेवढा मावेना. मग उरलेला काय करतो? टायटॅनियमच्याच चारदोघांना धरून पंगतीत आडवा घुसतो, सुयांसारख्या रांगा करून. धातू तडकतो तो त्या सुयांवरून."

"म्हणजे आगंतुक पाहुणा," अक्का म्हणाल्या.

"पाहुणा, पण परत पाठवता येतो. पाकिटाशिवाय निर्वातात पुन्हा तापवायचं आणि पंप चालू ठेवायचा, की जसा आला तसा निघून जातो. आणि गंमत सांगू? तो येऊन गेला की धातू पहिल्यासारखा राहत नाही. नीट केलं तर आतले कण बारीक होतात, धातू सुधारतो. काही ठिकाणी मुद्दाम घालतात आणि मग काढतात."

"मग मीही मुद्दामच घातला असं सांगा सगळ्यांना," अक्का म्हणाल्या. "काढा आता तो पाहुणा, आणि माझी पळी द्या."

"पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात दुसरं काम आलं. मग श्रीहर्षच्या घराची वास्तुशांत आली. श्रीहर्ष त्यांचा मुलगा, व्हाइटफील्डला असतो. मग सगळं बंदच झालं, मेट्रो बंद, शेड बंद. आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत अहल्याक्का गेल्या. रुग्णालयात नेलं ती गाडी गल्लीच्या तोंडाशी वळताना आम्ही पाहिली, तेवढंच. नंतर कुणालाच जाऊ दिलं नाही. अण्णांनाही नाही.

त्यानंतर अण्णा पुन्हा शेडवर जायला लागले, पण दारातून कुणी काही म्हणत नसे. मीच कधीतरी भिंतीवरून ओरडायची, "चालले मठात?" ते हात हलवायचे. माझ्या आवाजात ती चव नव्हती, हे मलाही कळत होतं. देवाच्या उपकरण्यांना चिंच तेच लावत. तांब्याची ती पळी घासताना मी त्यांना रोज बघत होते. चिंचही काळजीनं, देठापासून टोकापर्यंत, अक्का लावायच्या तशीच.

पट्टी श्रीहर्षनं नेली आणि चिकपेटला काचेच्या चौकटीत बसवून आणली. आईच्या फोटोखाली टांगली. दर्भाच्या तीन रेघा स्पष्ट दिसत. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती गोष्ट रंगवून सांगायची. लोक हसायचे, मग फोटोकडं बघायचे.

गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी मी त्यांच्याकडं विरजण मागायला गेले होते. 'टिक' असा आवाज झाला. कुणी हात लावला नव्हता, काही पडलं नव्हतं. चौकटीत पट्टीचा एक कोपरा सुटून खाली काचेशी पडला होता.

"स्क्रू आवळलेत फ्रेमवाल्यानं," अण्णा चौकट उतरवत म्हणाले. "ताण पडला की आतला हायड्रोजन तिथं सरकत सरकत गोळा होतो. मग एक दिवस तडकतं."

"मग स्क्रू सैल करा," मी म्हटलं.

"करतो. पण सुया आतच आहेत ना. आज कोपरा, उद्या आणखी काही."

त्याच महिन्यात शेडच्या मालकानं जागा मागितली. त्याला तिथं गोदाम बांधायचं होतं. भट्टी ठेवायला दुसरीकडं जागा नाही, आणि अण्णांचे गुडघेही आता जिने चढताना बोलतात. यशवंतपूरचा उमाजी, जुन्या लोखंडाचा व्यापारी आणि आमच्याच मराठीत कन्नड कालवून बोलणारा, सोमवारी टेम्पो आणणार असं ठरलं. म्हणजे हायड्रोजन काढायचा तर त्याआधीच. पुन्हा ती भट्टी मिळणार नव्हती.

शनिवारी श्रीहर्ष आला. मी भिंतीशी होते, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी कुणी हाक मारायची वाट न बघता आत जाऊन बसले.

"अप्पा, तसं नका करू," तो वडलांना म्हणत होता. "आईनं आपल्या हातानं घातलेलं काहीतरी ह्यात आहे. खरंच आहे, नुसतं म्हणायला नाही. तुम्हीच सांगता ना? आणि ते तुम्ही पंपानं खेचून बाहेर फेकणार?"

"ठेवलं तर पट्टी तुकड्यातुकड्यानं जाईल."

"जाऊ दे. तुकडे ठेवू."

"आणि पळी?"

"पळी हवी तर नवा पत्रा आणा."

अण्णांनी चौकट मांडीवर घेतली. नव्या पत्र्याची पळी त्यांना नको होती, आणि रिकामी पट्टीही नको होती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. रविवारी सकाळपर्यंत काहीच ठरेना. मी भिंतीवरून डोकावले तर नळावर बसून तांब्याची पळी घासत होते.

"काय अण्णा, शेवटी चिंच तुमच्याच वाट्याला आली की," मी म्हटलं. उगाच, जीभ वळवळली म्हणून.

त्यांनी वर पाहिलं. हातात चिंचेचा चोथा तसाच होता.

"श्यामला, ग्रहणातला दर्भ काय करतात?"

"अय्यो, हे काय विचारणं? सुटलं की काढून टाकतात."

"हं. ठेवत नाहीत."

"ठेवून कसं चालेल?"

"तिला काढायचाच होता," अण्णा म्हणाले. "न्हाऊन आली तर मी पाकीट घेऊन गेलो होतो." त्यांनी पळी धुतली, हात पुसले. "श्रीहर्षला फोन कर. मला नंबर लावता येत नाही ह्या ओल्या हातानं."

हात पुसलेले होते. पण मी फोन केला.

आम्ही तिघं मेट्रोनंच गेलो. श्रीहर्ष वाटभर खिडकीबाहेर बघत होता. शेडमध्ये अण्णांनी मोजे घातले, पट्टी चौकटीतून काढली, सुटलेला कोपराही बरोबर घेतला आणि दोन्ही भट्टीत ठेवलं. पंप सुरू झाला. भिंतीवर एक तबकडी होती, आत किती वायू उरलाय ते दाखवणारी. तिचा काटा हळूहळू खाली जाऊन निजला. मग भट्टी तापू लागली.

बराच वेळ काही झालं नाही. मी डबा उघडून दोघांना केळीच्या पानावर चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, वाढलं. अर्धं खाऊन झालं असेल. निजलेला काटा थरथरला आणि वर चढायला लागला.

"पंपानं हवा ओढलीये, तरी वर का चढतोय?" श्रीहर्षनं विचारलं.

"धातूतून सुटतोय," अण्णा म्हणाले. त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. "तोच."

काटा वर राहिला. अण्णा थोडा वेळ बघत उभे राहिले, मग दार उघडून बाहेर गेले. आम्ही मागं गेलो. शेडच्या मागच्या भिंतीतून पंपाची नळी बाहेर काढलेली होती, होंगेच्या, म्हणजे करंजाच्या झाडाखाली. पंप आतून जे ओढतो ते तिथून सुटतं. अण्णांनी मोजे काढले आणि नळीच्या तोंडासमोर उघडा हात धरला.

श्रीहर्ष दोन पावलं मागं थांबला, मग जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला.

"काही लागतं का हाताला?"

"पंपाच्या तेलाचा वास येतो, तेवढाच. त्याला स्वतःला वास नाही, रंग नाही. सगळ्यात हलका. सुटला की सरळ वर."

श्रीहर्षनं मान वर केली. होंगेच्या पानांमधून बघत राहिला. एवढी बडबडी मी, पण मला एक शब्द सुचेना.

सुचला तो उमाजीला. तो एक दिवस आधीच जागा बघायला आला होता. कोपऱ्यावरून ओरडला, "अण्णा! काम संपलं का? टेम्पो कुठून आत घ्यायचा ते स्वल्प सांगा की!"

मी बोटानं गप्प राहायची खूण केली. उमाजी जवळ आला, तिघांना एका नळीकडं बघत उभे असलेले पाहून बावरला आणि हळूच मला म्हणाला, "काय हो अक्का, गॅस लीक आहे का?"

"नाही हो. आमच्या अहल्याक्का निघाल्यात," मी म्हटलं. "जरा थांबा."

उमाजीला काय कळलं कोण जाणे. "सरी, सरी," असं कन्नडमधलं 'बरं, बरं' म्हणाला आणि डोक्यावरची टोपी काढून झाडाखाली उभा राहिला.

ऊन कलेपर्यंत काटा पुन्हा खाली आला होता.

"गेला सगळा?" श्रीहर्षनं विचारलं.

"सगळा कधी जात नाही," अण्णा म्हणाले. "कितीही खेचा, थोडासा राहतोच. शून्य म्हणून काही नसतं ह्यात."

सोमवारी भट्टी उमाजीच्या टेम्पोत चढली. अण्णांनी तिच्या दारावर थाप मारली, घामेजल्या हातानं, माणसांना मारतात तशी.

पुढं कितीतरी दिवस शेजारच्या अंगणातून लाकडी हातोडीची ठोकठोक येत होती. थोडं ठोकायचं, बघायचं, पुन्हा ठोकायचं. प्रत्येक ठोक्यानंतर मी 'टिक' ऐकायला कान देऊन बसायची. भाजी करपली एकदा. टिक काही आलं नाही. पट्टीचं न तडकलेलं टोक हळूहळू खोलगट होत गेलं. पळी जरा उथळ झाली आहे, आणि देठाचा एक कोपरा नाही. दोन रेघा घासून गेल्या. तिसरी देठाच्या मागं आहे. "तेवढं पॉलिश राहिलं तुमचं," असं मी मुद्दाम दाखवलं. "राहू दे," म्हणाले.

द्वादशीला सकाळी लवकर पारणं होतं. अण्णांनी तुळशीला पाणी घातलं आणि हयवदनाचारांना नव्या पळीनं तीर्थ दिलं. आचारांनी तीर्थ घेतलं, ओठ पुसले, पळी न्याहाळली.

"चांदीची का? छान फिकी आहे. काळी पडत नाही?"

मी तोंड उघडणार एवढ्यात अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पदर तोंडात घातला.

"नाही पडत, आचार. चिंच लावायला लागत नाही."

"मग मलाही एक करून द्या."

"आता नाही जमणार. भट्टी गेली."

आचार हळहळत गेले. मी तीर्थासाठी हात पुढं केला. अण्णांच्या हातात मोजे नव्हते. उघड्या बोटांनी देठ धरला होता, रेघ अंगठ्याखाली.

"अण्णा, पुढच्या ग्रहणाला ह्या पळीवर दर्भ ठेवायचा का हो?"

"ठेवायचा," अण्णा म्हणाले. "आणि सुटलं की काढायचा. तू भिंतीवरून आठवण कर."